मीडियन नर्व्हचं माप: एकाच मनगटात एकदा ९, एकदा १३ का येतं?

सांधा_सोनो:
कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह दाबली जाण्याचा, संशय असला की सोनोग्राफीत पिसिफॉर्म (मनगटातलं करंगळीकडचं छोटं हाड) पातळीवर आडवा छेद घेऊन मीडियन नर्व्हचं क्षेत्रफळ मोजतो. प्रोब (त्वचेवर टेकवायचं उपकरण) लिनिअर, १२ मेगाहर्ट्झ. त्याच मनगटात एकदा ९ चौ. मिमी येतं, पाच मिनिटांनी १३. सीमारेषा १० ची धरली तर रिपोर्ट कोणत्या आकड्यावर लिहायचा? मधुमेही रुग्णांत तर आणखी गोंधळ उडतो. आणि नस जाड पण एनसीव्ही (नसेतून विद्युत संदेश किती वेगाने जातो याची चाचणी) नॉर्मल, असं असेल तर?

नस_आणि_नाडी:
आधी ट्रेसची, म्हणजे स्क्रीनवर नसेभोवती काढलेली, रेष तपासा. १० चौ. मिमीची नस गोल धरली तर तिचा व्यास जेमतेम साडेतीन मिमी. रेष सगळीकडून पाव मिमी बाहेर गेली की १० चे थेट १३ होतात! त्यामुळे कडेची पांढरी किनार मोजायची नाही, तिच्या आतल्या काठावरून रेष काढायची. डेप्थ २-३ सेंमी, फोकस नसेवर, आणि झूम फ्रीझ करण्याआधी.

दुसरं कारण प्रोबचा कोन. बोगद्यात शिरताना नस खोल उतरते, म्हणून प्रोब त्वचेला काटकोनात असला तरी नसेला असेलच असं नाही. छेद तिरका गेला की क्षेत्रफळ फुगतं. प्रोब हळूहळू कलवत राहा; किनार सर्वांत ठळक आणि आकार सर्वांत लहान दिसेल तिथे थांबा. कलवताना टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) काळे पडतात, नस फारशी बदलत नाही. शंका असेल तेव्हा ती ओळखायची हीच खूण.

तळहात वर, मनगट सरळ, बोटं सैल. जेलचा जाड थर ठेवा, प्रोब दाबू नका. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. लंबगोलाच्या मापापेक्षा हाताने ट्रेस बरा, कारण इथे नसेचा आकार नियमित नसतो.

मनगट_कोल्हापूर:
मधुमेहात एकट्या १० वर विसंबू नका. पॉलीन्यूरोपथीत (एकाच वेळी अनेक नसांचा आजार) नस संपूर्ण हातात जाड असू शकते. मनगटापासून १२ सेंमी वर, कोपराच्या बाजूला दुसरं माप घ्या. मनगटाचं माप त्याच्या १.४ पट किंवा जास्त असेल तर बोगद्यातल्या दाबाकडे बोट जातं. दुसरा मार्ग म्हणजे प्रोनेटर क्वाड्रेटसपाशी (मनगटाच्या जरा वरचा स्नायू) मोजून ते मनगटाच्या मापातून वजा करणं: २ चौ. मिमी किंवा जास्त फरक लक्षणीय.

नस दुभागलेली असेल तर दोन्ही भागांची बेरीज करा; एकच भाग मोजला तर आजार निसटतो. मध्ये पर्सिस्टंट मीडियन आर्टरी (काहींत टिकून राहणारी जादा रक्तवाहिनी) आहे का, ते डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघा आणि असल्यास सर्जनसाठी रिपोर्टमध्ये ठळक लिहा. गँगलिऑन (द्रवाची गाठ), टेंडनभोवतीची सूज, बोगद्यात उतरलेलं स्नायूचं पोट हेही शोधायला हवं. एनसीव्हीत यातलं काहीच कळत नाही.

आपल्याकडे कुष्ठरोग विसरून चालणार नाही. त्यात सूज बहुधा मनगटाच्या वर लांबवर पसरते. अशा वेळी कोपराजवळची अल्नर नर्व्ह (करंगळीकडची नस) हीही बघा, त्वचेवर बधिर चट्टे आहेत का ते विचारा.

ईएमजी_कक्ष:
एनसीव्ही नसेचं काम मोजते, सोनोग्राफी तिची रचना. अंगठा ते मधलं बोट रात्री बधिर होतं, क्षेत्रफळ १४ आहे आणि एनसीव्ही नॉर्मल, तर निदान बाद होत नाही. उलटंही खरं. मात्र अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट झाला असेल किंवा मानेतून कळ येत असेल तर एनसीव्ही-ईएमजी (ईएमजी म्हणजे स्नायूंची विद्युत चाचणी) टाळू नका. अॅक्सॉन (नसेतले तंतू) किती गेले आणि मूळ दुखणं मानेत आहे का, हे सोनोग्राफी सांगत नाही. एनसीव्हीच्या वेळी हात गार नको, ३२ अंशांच्या खाली वेग खोटा कमी येतो.

रिपोर्टमध्ये नुसतं 'पॉझिटिव्ह' नको. पातळी, तिन्ही मापांची सरासरी, मनगट आणि वरच्या मापाचं गुणोत्तर, दुभागणी आहे की नाही, हे लिहा. ९ ते ११ च्या मधलं माप 'सीमेवर' म्हणून द्या, लक्षणांशी जोडून.

सांधा_सोनो:
आभार. शस्त्रक्रियेनंतर त्रास परतला तर हीच मापं चालतील?

ईएमजी_कक्ष:
नाही. बोगदा मोकळा झाल्यावरही नस बरेच महिने जाड राहू शकते. शस्त्रक्रियेआधीच्या मापाशी तुलना करा आणि उभ्या छेदात बोगद्याचं छत असलेलं लिगामेंट तळहाताकडच्या टोकापर्यंत पूर्ण कापलं गेलंय का ते बघा. अर्धवट राहिलं असेल तर तिथेच नस एकदम चपटी होताना दिसते.