स्लीपमधून उठला की लॅपटॉपचा कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही ठप्प – मदत हवी आहे

मंडळी, गेले दहा दिवस डोकं पिकलंय. लॅपटॉप चार वर्षं जुना, विंडोज ११. बोरिवलीला घरी झाकण बंद करून बॅगेत टाकतो, चर्चगेटला ऑफिसात उघडतो, तर लॉक स्क्रीन दिसते आणि पुढे काहीच नाही. पिन टाइप होत नाही, बाण हलत नाही. कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा बारका दिवाही लागत नाही.

गंमत म्हणजे यूएसबी माउस लावला की तो लगेच चालतो. त्याच्याने ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून एकेक आकडा टिचकत आत शिरतो. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, पुन्हा स्लीप होईपर्यंत. बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या स्क्रीनवर) कळा नीट चालतात, म्हणून हार्डवेअर गेलं नसावं असं वाटतं.

डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं. फरक शून्य. 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढायला गेलो, तर कीबोर्डला पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नाही! चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्डवरचे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि बायोस अपडेट अजून केलेलं नाही. बायोसला हात लावायची भीती वाटते.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने न उघडताच "कीबोर्ड बदला" सांगितलं. मला पटलं नाही.

आधी चिपसेट ड्रायव्हर टाकू की थेट बायोस? की तोवर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) लावून ठेवू? कोणाला असाच अनुभव आला असेल तर सांगा. सोमवारी प्रेझेंटेशन आहे.