गर्दीत पोरगा तंद्रीत भरकटतो, काय करू?

मुलगा ५ वर्षांचा आहे, कायम स्वतःच्याच नादात. परवा गर्दीत कुठेतरी लाइट चमकताना दिसले आणि हा बघत उभा राहिला. मला वाटलं बाबाचा हात धरलाय, बाबाला वाटलं माझ्याजवळ आहे, आणि वळून बघतो तर नाहीच! सात-आठ मिनिटांत सापडला पण आठवलं की अजून हातपाय गार पडतात. रडत पण नव्हता, म्हणतो कसा, "आई, तू कुठे हरवली होतीस?" आता बाहेर न्यायचीच भीती बसलीय. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १:
आमचंही अगदी असंच झालेलं, दोघं सोबत असलो की जास्तच होतं. तेव्हापासून तोंडाने बोलायचं ठरवलंय, "आता तुझ्याकडे", आणि समोरून "हो, माझ्याकडे" ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. शिवाय निघताना मोबाईलवर एक फोटो काढते, कारण घाबरल्यावर शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही हो.

प्रतिसाद २:
नुसतं नाव घेऊन ओरडू नका. "पिवळा टीशर्ट, ५ वर्षांचा मुलगा, कोणी बघितला का" असं मोठ्याने विचारा म्हणजे आजूबाजूचे सगळेच शोधायला लागतात. एकाने शेवटचं दिसला तिथेच थांबायचं, दुसऱ्याने शोधायचं आणि गेटवरच्या माणसाला लगेच सांगायचं, लाज वाटून वेळ घालवू नका. जवळपास तलाव, स्विमिंग पूल काही असेल तर आधी तिकडे धावा, बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद ३:
लहानपणी मी हरवले होते. सापडल्यावर आधी एक फटका बसला, मग मिठी. मिठी विसरले, फटका लक्षात आहे. पुन्हा एकदा चुकले तेव्हा मार बसेल म्हणून लपूनच बसले होते, म्हणून सांगते, रागावू नका. त्याला एवढंच शिकवा की आईबाबा दिसेनासे झाले की आहेस तिथेच थांब, आम्ही येतो, आणि मदत लागली तर जिच्यासोबत लहान मुलं आहेत अशा बाईला सांग. खेळात पाच-सहा वेळा करून घ्या, नुसतं सांगून लक्षात राहत नाही. आणि तुमचं खरं नाव त्याला येतं का बघा, बरीच मुलं आईचं नाव "आई" एवढंच सांगतात.

प्रश्नकर्ती:
आत्ताच विचारलं. "आई" म्हणाला. आजपासून नाव आणि फोन नंबर पाठ करून घेते, आणि तोवर बाहेर जाताना नंबर पेनाने मनगटावर लिहीन. मी त्या दिवशी रागावले होते त्याला, आज जवळ घेऊन बोलते.