स्ट्रेंग्थ कमी असली की बंदुकीचा नेम का हलतो? (फॉलआउट: न्यू वेगस)

माळरान:
'फॉलआउट: न्यू वेगस' (२०१०) हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदाच खेळत आहे. कॅरेक्टर तयार करताना मी असा हिशेब केला की आपल्याला हाणामारी करायची नसून लांबून गोळ्या झाडायच्या आहेत, तेव्हा स्ट्रेंग्थवर (पात्राच्या ताकदीवर) गुण खर्च करण्यात अर्थ नाही. म्हणून ती ४ वर ठेवली आणि वाचलेले गुण पर्सेप्शन (निरीक्षणशक्ती) व अजिलिटीत (चपळाईत) घातले. आता लेव्हल १५ वर आहे, गन्स हे बंदुकीचे स्किल १०० झाले आहे, आणि साठवलेल्या जवळजवळ सगळ्या कॅप्स (खेळातले चलन) मोजून अँटी-मटेरियल रायफल ही अवजड बंदूक घेतली आहे. मात्र दुर्बिणीतून पाहिले की नेम एखाद्या झोपाळ्यासारखा हलत राहतो. स्किल पूर्ण असताना स्ट्रेंग्थने आडवे यावे, हे मला पटत नाही. यामुळे गोळीचा मारही कमी होतो का? आणि नवा खेळ सुरू न करता यावर काही उपाय आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

खलबत्ता:
माराची काळजी करू नका. या खेळात बंदुकीचा मार तुमच्या स्किलवर आणि बंदूक किती झिजली आहे यावर अवलंबून असतो. स्ट्रेंग्थचा त्याच्याशी संबंध नाही. प्रत्येक हत्याराला दोन वेगवेगळ्या अटी असतात, एक स्किलची आणि एक स्ट्रेंग्थची, आणि एकीत जास्त गुण असले म्हणून दुसरीतली तूट भरून निघत नाही. तुमच्या रायफलीला गन्स १०० आणि स्ट्रेंग्थ ८ लागते. म्हणजे पहिली अट तुम्ही पूर्ण केली आहे आणि दुसरीत थेट ४ गुणांनी कमी पडत आहात, म्हणूनच नेम हलतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. स्ट्रेंग्थ हा बंदुकीसाठी उंबरठा आहे, शिडी नव्हे. ८ गाठल्यावर नेम हलण्याची ही शिक्षा, म्हणजे दंड, संपतो. ९ किंवा १० केल्याने नेम आणखी सुधारत नाही. त्यामुळे उंबरठा गाठायचा आणि थांबायचे, एवढेच धोरण पुरते.

तुमच्या बाबतीत पुढच्याच लेव्हलला, म्हणजे १६ ला, 'वेपन हँडलिंग' हा पर्क (पात्राला मिळणारी खास क्षमता) घ्यावा. त्याने स्ट्रेंग्थची अट २ ने उतरते, म्हणजे ८ ऐवजी ६ पुरतात. न्यू वेगस मेडिकल क्लिनिकमध्ये ४,००० कॅप्सना स्ट्रेंग्थचे इम्प्लांट बसवून मिळते, त्याने तुमचे ४ चे ५ होतील. उरलेल्या एका गुणासाठी 'इन्टेन्स ट्रेनिंग' पर्क किंवा टी-५१बी पॉवर आर्मर हे चिलखत आहे. तातडीचीच गरज असेल तर व्हिस्की आहे: तिने स्ट्रेंग्थ १ ने वाढते आणि बुद्धी १ ने घटते. दोन घोट पोटात गेल्यावर नेम स्थिर होणारा नेमबाज मी फक्त या खेळातल्या मोहावीच्या वाळवंटातच पाहिला आहे.

पाटीपेन्सिल:
वरील उत्तर अचूक आहे; केवळ थोडा मागचा संदर्भ जोडतो. ही अट न्यू वेगसने नव्याने शोधलेली नाही. १९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये ती होतीच, आणि अधिक कठोर होती: हत्याराला लागणाऱ्या स्ट्रेंग्थपेक्षा जितके गुण कमी, तितक्या वेळा गोळी लागण्याची शक्यता २० टक्क्यांनी खाली येत असे. ५ स्ट्रेंग्थची रायफल ३ च्या माणसाने उचलली, तर नेम धरण्याआधीच ४० टक्के गेले! मात्र तो खेळ आळीपाळीने चाली करण्याचा असल्यामुळे तो आकडा पडद्यावर समोर दिसत असे, आणि आपण मुकाट्याने पिस्तूल काढत असू. २००८ च्या तिसऱ्या भागात ही अट नव्हती, न्यू वेगसने ती परत आणली, आणि २०१५ च्या चौथ्या भागात ती पुन्हा गेली. तिथे अवजड बंदुकांचा पर्क तेवढा स्ट्रेंग्थखाली राहिला. साध्या रायफलींचा पर्सेप्शनखाली आणि पिस्तुलांचा अजिलिटीखाली गेला. मला स्वतःला न्यू वेगसची पद्धत सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती हत्यार हातातून काढून घेत नाही, फक्त त्याची किंमत मोजायला लावते.

कवायत:
न्याय्य असेल, पण वास्तवाशी ती कितपत जुळते याबद्दल मला शंका आहे. या रायफलीचे रूप ज्या फ्रेंच पीजीएम हेकाट २ वरून घेतले आहे, ती सुमारे १४ किलोची आहे, आणि अशी बंदूक जमिनीवर पडून, दुपायीवर टेकवून चालवतात. तिथे वजन हा शत्रू नसून मित्र असतो: गोळी तीच असेल, तर बंदूक जितकी जड तितका मागे बसणारा धक्का मंद. ताकद लागते ती बंदूक वाहून नेण्यासाठी किंवा उभ्याने पेलण्यासाठी.

एनसीसीच्या कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलीने फायरिंग करताना आमच्या तुकडीतील सर्वांत दणकट मुलाचे ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते) सर्वांत विस्कटलेले आले होते. तो बट (बंदुकीचा दस्ता) खांद्यात इतका गच्च दाबून धरत असे की मनगट थरथरत असे. उस्तादांनी त्याच्या कोपराखालची माती पायाने सारखी केली आणि "पकड ढिली कर, श्वास अर्धा सोड" एवढेच सांगितले. पुढच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. म्हणून माझे म्हणणे असे की नेमाचा दंड उभ्याने गोळी झाडणाऱ्याला असावा, आणि स्ट्रेंग्थचा खरा हिशेब ओझ्यात व्हावा. तो या खेळात आहेही: १५० पौंड अधिक स्ट्रेंग्थच्या प्रत्येक गुणामागे १० पौंड. म्हणजे ४ स्ट्रेंग्थच्या माळरान यांना १९० पौंड वाहता येतात, आणि त्यातले २० ही रायफलच खाते.

खलबत्ता:
आक्षेप रास्त आहे, पण या खेळात झोपून, दुपायी लावून गोळी झाडण्याची सोयच नाही. तुमचे पात्र ती तोफ उभ्यानेच पेलत असते, फार तर गुडघ्यात वाकते. तेवढ्यापुरती ८ ची अट मला अवाजवी वाटत नाही. माळरान, वाकून झाडून पाहा. काही फरक तेवढ्यानेही पडेल.

माळरान:
सर्वांचे आभार. वाकल्याने थोडे सुधारले. इम्प्लांटसाठी मात्र खिशात जेमतेम ३०० कॅप्स उरल्या आहेत, त्यामुळे तूर्तास रायफल खोलीतल्या पेटीत ठेवून हलक्या बंदुकीवर लेव्हल १६ गाठतो. व्हिस्कीच्या दोन बाटल्या जवळ ठेवल्या आहेत.