ट्रकी-टाहो विमानतळाचे नवे हवाई मार्ग : हरकती लिहिताना काय मांडावे?

प्रश्न : सरोवरकाठ
कॅलिफोर्नियातील ट्रकी-टाहो विमानतळाच्या उत्तरेस, प्रॉसर जलाशयाच्या बाजूला आम्ही राहतो. उपग्रहाधारित (जीपीएसच्या मदतीने आखलेल्या) नव्या हवाई मार्गांबाबत रहिवाशांच्या हरकती व सूचना मागवल्या जात आहेत. विमानतळाचे संचालक मंडळ आम्हीच निवडून देतो. मग ते रात्रीची उड्डाणे सरळ बंद का करत नाही, आणि आमच्या लेखी सूचनांना कितपत वजन असते?

प्रतिसाद : जुना वैमानिक
हवाई मार्ग मंजूर करण्याचा अधिकार मंडळाला नसून एफएए या अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक यंत्रणेला आहे. शिवाय १९९० च्या विमानतळ ध्वनिविषयक कायद्यानंतर नवी रात्रबंदी घालणे स्थानिक विमानतळांना जवळजवळ अशक्य झाले आहे, म्हणून तेथे रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत उड्डाणे टाळण्याची केवळ विनंती केली जाते. मंडळ मार्ग सुचवू शकते, आणि तुमचे म्हणणे उपयोगी पडते ते याच टप्प्यावर.

प्रतिसाद : ध्वनिमापक
‘आवाजाचा त्रास होतो’ एवढेच लिहू नका. एफएएची ६५ डेसिबलची मर्यादा वर्षभराच्या सरासरीवर ठरते. लहान विमानतळाशेजारची घरे सहसा तिच्या आतच राहतात, त्यामुळे पहाटेच्या एका जेटने झोप मोडली तरी कागदोपत्री काहीच घडत नाही. उपग्रहाधारित मार्गाची खरी अडचण अशी की पूर्वी विखुरलेली विमाने एकाच अरुंद पट्ट्यातून जाऊ लागतात. अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरात २०१४ साली हेच झाले, आणि २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने एफएएच्या विरोधात निकाल दिला. तेव्हा विमाने कोणत्या वस्तीवरून, किती उंचीवरून आणि कोणत्या वेळी जाणार, हे नेमके विचारा. आपल्या डोक्यावरचा मार्ग हलवला तर तो कोणाच्या डोक्यावर जाईल, याचाही उल्लेख करा, कारण ही बाजू बहुतेक हरकतींत सोयीस्करपणे गाळलेली असते.

प्रतिसाद : जुना वैमानिक
यात सुरक्षेची भर घालतो. जुलै २०२१ मध्ये येथे उतरू पाहणारे चॅलेंजर ६०५ जेट कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. ते उत्तरेकडून ‘२०’ या दिशादर्शक क्रमांकाच्या धावपट्टीच्या मार्गाने आले होते. परंतु ती धावपट्टी आखूड असल्याने, वणव्याच्या धुरात वळसा घेऊन सुमारे ७,००० फूट लांबीच्या धावपट्टी ११ वर उतरण्याचा प्रयत्न चालला होता. तपासात वैमानिकांच्या चुका ठळकपणे नोंदल्या गेल्या. तरीही लांब धावपट्टीवर थेट नेणारा मार्ग डोंगरांमुळे कितपत शक्य आहे, हे मंडळाला अवश्य विचारा, मग तो तुमच्या घराच्या थोडा जवळून जात असला तरी.