'झुंड': मध्यंतरानंतर फुटबॉल गेला कुठे?

लेफ्ट विंग
नागराज मंजुळेंचा 'झुंड' (२०२२) परवा पुन्हा पाहिला आणि थिएटरमध्ये आला होता तोच राग पुन्हा आला. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: नागपुरातले निवृत्तीला आलेले क्रीडाशिक्षक (अमिताभ) कॉलेजच्या भिंतीपलीकडच्या झोपडपट्टीतल्या, चोऱ्यामाऱ्या आणि नशापाणी करणाऱ्या पोरांना आधी पैसे देऊन फुटबॉल खेळवतात. मग पैसे बंद करतात, पण तोवर पोरांना खेळाचीच चटक लागलेली असते. कॉलेजच्या टीमशी मॅच होते. तिथपर्यंत झकास.

पुढे काय? पोरांची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड होते, आणि मग पोलीस, दाखले, पासपोर्ट, कोर्ट. जवळपास तीन तासांच्या क्रीडापटात मध्यंतरानंतरची एकही मॅच लक्षात राहत नाही. डॉन (या पोरांचा म्होरक्या) पास द्यायला कधी शिकला? सराव कुठाय? पोरं खेळून बदलली की नुसती साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून? माझं मत: मार्गदर्शकाची गोष्ट सांगायची तर मार्गदर्शन दाखवा.

सातबारा
साफ असहमत. मध्यंतरानंतरच खरी मॅच सुरू होते, फक्त गोलपोस्ट सरकारी कचेरीत आहेत. रिंकू राजगुरूचं पात्र आठवा. खेळते उत्तम, निवडही होते, पण ती कोण हे सांगणारा कागद घरात नाही. बाप तिला घेऊन वणवण फिरतो. आपल्यापैकी किती जणांना स्वतःचं अस्तित्व सिद्ध करायला उन्हातान्हात फिरावं लागलंय? डॉनचं तेच. फौजदारी खटला चालू असेल तर परदेशी जायला कोर्टाची परवानगी लागते. तिथे किक कितीही जोरदार असो, काय उपयोग?

विमानतळावरच्या तपासणीत त्याची जी घालमेल होते, ती मला कुठल्याही पेनल्टी शूटआउटपेक्षा जड गेली.

संत्रानगरीकर
काऊन भाऊ, मॅचच पाहाची होती तर टीव्ही लावाचा ना! 😄

आता नीट लिहितो. ज्यांच्यावरून हे पात्र घेतलं ते विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात पोट्टे फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसले, तिथून झोपडपट्टी फुटबॉल, म्हणजे आजचं 'स्लम सॉकर', सुरू झालं. पुढे 'होमलेस वर्ल्ड कप', म्हणजे बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा. ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला पहिल्यांदा झाली. तिचा एक नियम इथे कोणी काढला नाही: खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे पोट्टा जाऊन आला की कप संपला. वस्ती तीच, दोस्त तेच. मग खरं काम कधी सुरू होतं सांगा.

अखिलेश पॉल २०१० ला रिओमध्ये भारताचा कर्णधार होता. परत येऊन तो स्वतः कोच झाला. सिनेमा विमानात बसवून थांबतो, त्याचं मला वाईट वाटतं.

लेफ्ट विंग
@संत्रानगरीकर, अहो मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय!

संत्रानगरीकर
नाही ना. तुमाले सराव पाहिजे, मले परत आल्यावरचा सोमवार पाहिजे.

चष्मेबद्दूर
दोन्ही बाजूंना एक विचारतो. ज्या बाईची साखळी ओढली ती चित्रपटात कुठे आहे? पोरांची पार्श्वभूमी समजते, गरिबी समजते. पण सर त्यांच्याकडून एकदाही हिशेब मागत नाहीत. नुसती माया म्हणजे मार्गदर्शन नव्हे. शिवाय तारणहार म्हणून शेवटी महानायकच लागतो, हेही खटकतं.

सातबारा
तारणहाराचा मुद्दा अर्धा मान्य. पण हिशेब? त्या पोरांकडून तो पोलीस, शेजारी, कॉलेज सगळेच रोज मागतात. एक माणूस मागत नाही म्हणून तर ती त्याच्याकडे जातात.

शिट्टी
बारा वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय, त्यातली तीन वर्षं बालगृहातल्या मुलांना. म्हणून दोन शब्द.

पहिले सहा महिने वेळेवर येणं हाच सराव असतो. बाकी ड्रिबलिंगबिब्लिंग नंतर. हिशेब मीही मागत नाही, पण कोणी शिवी दिली की बाहेर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडू नाही. टीमने एक कमी घेऊन खेळायचं. दुसऱ्या आठवड्यात पोरंच एकमेकांना आवरायला लागतात. @चष्मेबद्दूर, साखळीवाल्या बाईपर्यंत पोचायचा रस्ता असाच कुठूनतरी निघत असावा. माझ्या सगळ्या पोरांना तो सापडला असं मात्र म्हणणार नाही. दोघं तर पुन्हा आत गेले.

होमलेस वर्ल्ड कपमध्ये मैदानावर एका बाजूला चारच खेळाडू असतात, गोलकीपर धरून, आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. अशा खेळात लपायला जागा नसते. दर दहा-पंधरा सेकंदांनी चेंडू तुमच्याकडे येतो, एकट्याने नेलात तर हिसकावला जातो. पास द्यायला मी नाही शिकवत, छोटं मैदान शिकवतं. हे पडद्यावर दाखवायला पाच मिनिटं पुरली असती. तेवढ्यापुरता मी धागाकर्त्याबरोबर.

लेफ्ट विंग
@शिट्टी, बदली खेळाडू न देण्याचा प्रकार हवा होता सिनेमात! कोर्टातलं सरांचं भाषण अर्ध्यावर आणून त्या जागी हे टाकलं असतं तर मी हा धागाच काढला नसता.

सातबारा
भाषणाला हात लावायचा नाही. कापायचंच असेल तर सुरुवातीचं नाचगाणं कापा.

संत्रानगरीकर
नाचगाणं कापाल तर नागपुरात येऊन दाखवा.