दूरच्या सर्व्हरमधील नेटवर्क कार्ड ८ ऐवजी १ लेनवर: दोष कार्डाचा, रायझरचा की बोर्डाचा?

नमस्कार. माझ्या देखभालीखालचा एक लिनक्स सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये आहे. तेथे माणूस पाठवायचा तर आधी वेळ घ्यावी लागते आणि काय उघडायचे, काय बदलायचे हे क्रमवार लिहून द्यावे लागते. "जरा बघून कळवा" ही विनंती तेथे स्वीकारली जात नाही. म्हणून तंत्रज्ञ रॅकसमोर उभा राहण्याआधी कमांड लाइनवरून जेवढे निदान शक्य आहे तेवढे मला उरकून घ्यायचे आहे.

दोन पोर्टचे १० गिगाबिट कार्ड रायझरवर (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या, कार्डासाठी सॉकेट देणाऱ्या जोडपट्टीवर) बसवलेले आहे. रात्रीचा बॅकअप एका पोर्टवर ९ गिगाबिटच्या वर जात असे. गेल्या आठवड्यापासून तो ६ च्या आसपास अडकतो आणि दोन्ही पोर्ट एकाच वेळी चालवले तरी बेरीज तेवढीच राहते. बेरीजच वाढत नाही म्हटल्यावर फायबरवरचा संशय बराच मावळला, तरी ईथटूल या कमांडने फायबरच्या मॉड्यूलची माहिती काढली. येणारा प्रकाश उणे २.८ डीबीएम, म्हणजे पुरेसा आहे आणि सीआरसीच्या (पॅकेटांच्या पडताळणीतल्या) चुका शून्य आहेत.

मग कार्डांच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची माहिती देणारी एलएसपीसीआय ही कमांड तपशिलासह चालवली. (पहिल्यांदा सुडो न लावल्यामुळे 'कॅपॅबिलिटीज'समोर नुसते 'ॲक्सेस डिनाइड' येत होते आणि कार्डच उत्तर देत नाही या समजुतीत माझा अर्धा तास गेला.) 'लिंककॅप'च्या (क्षमतेच्या) ओळीत ८ जीटी हा वेग आणि ८ लेन (माहितीच्या समांतर वाटा) दिसतात, 'लिंकस्टा'च्या (सध्याच्या स्थितीच्या) ओळीत वेग तोच आहे, पण रुंदी १ लेन आहे आणि पुढे 'डाउनग्रेडेड' असा शेरा आहे. वरचा रूट पोर्टही (जोडणीचे बोर्डाकडचे टोक) ८ लेनचाच आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या एका लेनवरून एका दिशेने सेकंदाला सुमारे ७.९ गिगाबिट जातात. त्यातून पॅकेटांचे वेष्टन वजा केले की बॅकअपचा आकडा बरोबर जुळतो. वीज वाचवण्यासाठी काही कार्डे, विशेषतः ग्राफिक्स कार्डे, रिकामी असताना लिंकचा वेग उतरवतात हे मला ठाऊक आहे, पण येथे भर वाहतुकीतही रुंदीच घसरलेली आहे.

कर्नलच्या लॉगमध्ये दर काही मिनिटांनी 'करेक्टेड', 'फिजिकल लेयर' अशा नोंदी येतात. सिसफसमधील (कर्नल उपकरणांची माहिती ज्या फायलींतून देतो त्यांतील) दुरुस्त झालेल्या चुकांची मोजणी पाहिली तर रूट पोर्टच्या खात्यावर एका दिवसात ४,११२ रिसीव्हर एरर आहेत आणि कार्डाच्या खात्यावर एकही नाही. सर्व्हर रीबूट करून पाहिला, फरक पडला नाही. सेटपीसीआय या कमांडने रूट पोर्टवरचा रीट्रेन बिट (लिंकची जुळणी पुन्हा करायला लावणारा) लावला; लिंक क्षणभर पडून पुन्हा १ लेनवरच उठली. बीएमसीच्या (सर्व्हरवर दुरून देखरेख करू देणाऱ्या स्वतंत्र चिपच्या) नोंदवहीत तापमान आणि व्होल्टेज ठीक आहेत.

कार्ड, रायझर आणि बोर्डावरचा स्लॉट यांतील दोषी कोण, हे दुरूनच वेगळे काढण्यासाठी आणखी काय करता येईल? आणि तंत्रज्ञाची एकच फेरी मिळणार असेल, तर त्याच्या हाती कामाचा क्रम कसा लिहून द्यावा?

प्रतिसाद:

आपण बरेच अंतर कापले आहे, पण दोन ठिकाणी आपली समजूत थोडी दुरुस्त करतो. रीट्रेन बिटने लिंक 'रिकव्हरी' या अवस्थेत जाते, पण रुंदी तेथे नव्याने ठरत नाही. रुंदीचा करार पुन्हा व्हायचा असेल तर लिंक 'डिटेक्ट'पासून, म्हणजे अगदी पहिल्या अवस्थेपासून, उठली पाहिजे. त्यासाठी कार्ड सिसफसमधून 'रिमूव्ह' करावे, रूट पोर्टच्या लिंक कंट्रोलमधील बिट ४ (शून्यापासून मोजता, 'लिंक डिसेबल') लावून काढावा आणि मग 'रीस्कॅन' द्यावा. हे करताना आपले एसएसएच सत्र त्याच कार्डावरून जात नाही ना, हे तेवढे पाहावे. बीएमसीची सिरियल कन्सोल उघडी ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट रीबूटची. रीबूट केल्याने, किंवा बीएमसीवरून पॉवर सायकल दिल्यानेही, कार्डाला मिळणारी स्टँडबाय वीज तुटत नाही. कार्डाचे फर्मवेअर अडकले असेल तर ते तसेच राहते. पीडीयूचे (रॅकमधील वीजवाटप पट्टीचे) आउटलेट दुरून बंद करता येत असतील तर दोन्ही पॉवर सप्लाय एकाच वेळी बंद ठेवावेत. एक चालू राहिला तर त्या प्रयोगाला काही अर्थ उरत नाही.

चुका रूट पोर्टच्याच खात्यावर आहेत हा आपला सर्वांत चांगला पुरावा आहे. रिसीव्हर एरर ऐकणारा नोंदवतो, म्हणजे कार्डाकडून बोर्डाकडे येणारी वाट खराब आहे आणि उलट दिशेची वाट स्वच्छ आहे. आता रूट पोर्टच्या 'सेकंडरी पीसीआय एक्सप्रेस' या भागातील 'लेनएररस्टॅट'ची ओळ पाहावी. एकच लेन तेथे दिसत असेल तर मी संपर्कबिंदूवर, म्हणजे सोन्याच्या पट्ट्यांवर किंवा रायझरच्या सॉकेटवर, पैज लावीन. त्यापुढचे मात्र अदलाबदल केल्याशिवाय ठरत नाही. कार्डाच्या पट्टीवरचा मळ आणि सॉकेटमधली वाकलेली पिन रजिस्टरमध्ये सारखीच दिसतात. तंत्रज्ञाला स्लॉटचा क्रमांक डीएमआयडीकोड या कमांडच्या स्लॉट यादीतून, बस पत्ता जुळवून द्यावा, आणि ईथटूलने पोर्टचा दिवा लुकलुकता ठेवावा, म्हणजे भलते कार्ड निघणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. 'लेनएररस्टॅट'मध्ये फक्त लेन १ होती. दोन्ही आउटलेट पाच मिनिटे बंद ठेवून पाहिले, तरी रुंदी १ वरच राहिली. तंत्रज्ञाला असा क्रम दिला: कार्ड काढून पुन्हा बसवून लिंक पाहणे, मग तेच कार्ड दुसऱ्या रायझरवर लावणे, आणि शेवटी दुसरे चांगले कार्ड जुन्या रायझरवर लावणे. प्रत्येक पायरीनंतर तो थांबला आणि मी इकडून एलएसपीसीआय चालवले. पुन्हा बसवून उपयोग झाला नाही. दुसऱ्या रायझरवर आमचे कार्ड ८ लेनवर उठले, आणि जुन्या रायझरवर लावलेले चांगले कार्ड १ लेनवर उठले. जुना रायझर बदलण्याची मागणी आज नोंदवली आहे. नवा आल्यावरही रूट पोर्टची मोजणी वाढत राहिली, तर संशय बोर्डावरच्या सॉकेटवर जाईल आणि मी याच धाग्यावर परत येईन.