प्रतिसाद : ग्रुप आहे, पण त्यात आजची पलटण कुठे आहे?

व्हॉट्सॲप ग्रुप असताना माजी सैनिकांना पलटणीशी जोडायला वेगळं काय हवं, असं वर विचारलंय. ग्रुपमध्ये असतात ते बरोबरचे पेन्शनर. सध्याचे जवान त्यात नसतात आणि नसावेतही. २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुकसकट ८९ ॲप काढायला लावली, ती सुरक्षेसाठीच. तेव्हा हे नातं समोरासमोरच टिकवायला हवं.

आपल्या सातारा जिल्ह्याला ते अवघड नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पहिल्या महायुद्धात ४६ जवान पडले, आणि तिथली पोरं आजही भरती होतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, म्हणजे रात्रीची गाडी पकडली की सकाळी पोचता येतं. ट्रेनिंग संपवून शपथ घेणाऱ्या नव्या रिक्रूटांच्या कसम परेडला गावातल्या एखाद्या जुन्या सुभेदारसाहेबांना आवर्जून न्या. त्या पोरांना पाहून म्हाताऱ्याची पाठ आपोआप ताठ होते!

आणि सुट्टीवर आलेल्या जवानाने आपल्या पलटणीतल्या पेन्शनरचं दार वाजवावंच. 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर दरवर्षीचा हयातीचा दाखला भरायचा तर ऐंशीच्या घरातल्या माणसाला मोबाइल झेपत नाही. तेवढं काम करून द्यावं, मग चहा घेत पलटणीच्या गप्पा. वीरपत्नींच्या घरी तर आधी जावं.